स्वस्त, रोजच्या वापराची आणि कमी पिणारी जुनी गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

जुनी, म्हणजे क्लासिक म्हणतात तसली गाडी घ्यायचं मनात आलं की पहिला प्रश्न रंगाचा असतो आणि दुसरा अ‍ॅव्हरेजचा. रंगाचं ज्याचं त्याने बघावं. अ‍ॅव्हरेजचा हिशोब मात्र आधी मांडू, कारण गल्लत तिथेच होते. कागद-पेन्सिल जवळ असेल तर आकडे टिपून घ्या.

समजा, गाडी वर्षाला ३,००० किलोमीटर चालणार. लिटरला १० देणारी गाडी वर्षाला ३०० लिटर पिते. १५ देणारी २०० लिटर. २० देणारी १५० लिटर. दहावरून पंधरावर आलात की १०० लिटर वाचले. पंधरावरून वीसवर गेलात तर वाचले ५०. म्हणजे वरवर सारख्याच दिसणाऱ्या पाचाच्या दुसऱ्या उडीत फायदा निम्माच. म्हणून चौदा-पंधराचं अ‍ॅव्हरेज ही खालची मर्यादा धरा आणि त्याच्या वर पत्रा व स्पेअर पार्ट बघून गाडी निवडा. दोन्ही बाजूंचे सिल, म्हणजे दारांखालच्या पट्ट्या, आणि खालचा पत्रा सडलेली गाडी लिटरला वीस देत असली, तरी तिच्या वेल्डिंगच्या बिलात कित्येक वर्षांचं पेट्रोल येतं. गाडी रोज कामाला न्यायची असेल, वर्षाला १२,००० किलोमीटर होणार असतील, तर हेच आकडे चौपट करा. मग ५० चे २०० लिटर होतात आणि डिझेलचा विचार करायला अर्थ राहतो.

जुन्या माहितीपत्रकांतल्या आकड्यांपासून जरा सावध. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ लिटरचा. 'गॅलनला ४० मैल' हे ब्रिटिश कागदावर वाचलंत तर ते लिटरला १४ किलोमीटर, अमेरिकन कागदावर वाचलंत तर १७. आणि ताशी ९० किलोमीटरच्या एकसारख्या वेगाने काढलेला आकडा जाहिरातीत असला, तर शहरात त्याची आशाच धरू नका.

जुनी म्हणजे किती जुनी? ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फीवा किमान तीस वर्षांची अट धरते. त्या मापाने ऐंशीच्या दशकातल्या साध्या हॅचबॅकसुद्धा आता क्लासिकमध्ये मोडतात. कमी खर्चात आणि कमी इंधनात जुनी गाडी वापरायची असेल, तर खरा माल याच दशकात आहे. क्रोमचे बंपर नसतात, म्हणून भाव कमी. एवढंच.

आता नावं घेऊन बोलू.

मॉरिस मायनर १९४८ ला आली आणि १९७१ पर्यंत बनली. शोधताना १०९८ सीसी इंजिनाची, म्हणजे १९६२ नंतरची बघा. आधीच्या छोट्या इंजिनांवर आजच्या रहदारीत एक्सलेटर सतत दाबून धरावा लागतो, त्यामुळे कागदावरची बचत रस्त्यावर उरत नाही. चांगल्या स्थितीत ती लिटरला तेरा-चौदा देते. आपल्या मर्यादेच्या किंचित खाली, पण पार्ट जवळजवळ सगळे नवे मिळतात, म्हणून ती यादीत राहते. तिची दुखरी जागा म्हणजे पुढच्या सस्पेन्शनची खालची ट्रनियन, म्हणजे चाक धरणारा पाय ज्यात फिरतो तो सांधा. तिथे आटे असतात आणि त्यांना दीड-दोन हजार किलोमीटरला ग्रीस लागतं. ग्रीस नाही मिळालं तर आटे झिजतात, पाय निसटतो आणि चाक गाडीखाली दुमडतं. मागे लाकडी चौकट असलेली ट्रॅव्हलर दिसायला सुरेख असते, पण ते लाकूड शोभेचं नाही, त्यावर गाडीचा भार आहे. लाकूड काळं पडून मऊ झालं असेल तर पुढची गाडी बघा.

बीटल छोटी दिसते म्हणून कमी पीत असेल, हा समज पक्का बसलेला आहे. पीत नाही असं नाही. दहा-बारा धरून चाला. पार्ट विपुल, दुरुस्ती सोपी, पण अ‍ॅव्हरेज ही तुमची पहिली अट असेल तर बीटल तिच्यात बसत नाही. तरी घेतलीच, तर पेट्रोलच्या रबरी नळ्या पहिल्याच दिवशी बदला. इंजीन मागे, नळ्या जुन्या आणि खाली गरम लोखंड. बीटलला आग लागते ती बहुधा अशीच.

सिट्रोएन टू सीव्ही, ६०२ सीसीची, लिटरला सोळा-सतरा सहज देते. रेडिएटर नाही, पाणी नाही, वॉटर पंप नाही. सडते ती चेसिस, तीही आतून. गाडीखाली वाकून चेसिसचा पत्रा बोटांनी दाबा, दबला तर चेसिस बदलायची. सुदैवाने गॅल्व्हनाइज केलेल्या नव्या चेसिस बनतात, पण त्यासाठी गाडी पूर्ण उतरवावी लागते. आणि एक बारीक गोष्ट, जी माहीत नसल्याने गाड्या गॅरेजमध्ये पडून राहतात: १९८१ नंतर टू सीव्हीला पुढे डिस्क ब्रेक आले आणि त्यात एलएचएम नावाचं हिरवं खनिज तेल चालतं. नेहमीचं ब्रेक ऑइल ओतलंत तर सील फुगून ब्रेक जातात. आधीच्या ड्रमवाल्यांना नेहमीचंच ब्रेक ऑइल. अनोळखी मेकॅनिककडे गाडी देताना हे ब्रेकच्या तेलाच्या टाकीवर चिकटपट्टी लावून लिहूनच द्या.

रेनो फोर, १९६१ पासूनची, ही या सगळ्यांत कमी कौतुक झालेली गाडी. पुढच्या चाकांना ड्राइव्ह, मागे पूर्ण उघडणारं दार, सामानाला भरपूर जागा आणि अ‍ॅव्हरेज पंधराच्या आसपास. डाव्या-उजव्या बाजूचं दोन चाकांमधलं अंतर मोजलंत तर ते वेगळं भरेल. घाबरू नका, अपघाताची गाडी नाही. मागचे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारे दांडे, आडवे, एकापुढे एक बसवले आहेत, म्हणून कारखान्यातूनच ते अंतर वेगळं येतं. कुटुंबाला एकच जुनी पेट्रोल गाडी सुचवायची तर हीच सुचवावी.

सत्तरच्या दशकातल्या जपानी गाड्या, पहिली होंडा सिव्हिक किंवा डॅटसन, इंजिनाला खणखणीत आणि कमी पिणाऱ्या. पण पत्रा पातळ, आणि दरवाजे, फेंडर, काचेच्या पट्ट्या मिळणं कठीण. सिव्हिकच्या सीव्हीसीसी इंजिनाला व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जाळं असतं. त्यातली एक तडकली तरी आयडलिंग बिघडतं आणि नेमकी कुठली ते शोधण्यात दिवस जातो.

रोजचं चालणं जास्त असेल तर ऐंशीच्या दशकातली डिझेल. पूजो २०५ डिझेल अठरा-वीस देते. सिट्रोएन एएक्स डिझेल वजनाला हलकी, ती त्याहून पुढे. २०५ बघताना गाडीच्या मागे उभे राहा. मागची चाकं वरून आत कललेली दिसली तर मागच्या एक्सलची बेअरिंग गेली, एक्सल बनवून घ्यावा लागणार. तिच्या एक्सयूडी इंजिनात पाणी बदलताना हवा नीट काढली नाही तर हेड तापतं आणि गॅस्केट उडतं. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर बदललाच नाही असं समजा. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. मर्सिडीजची डब्ल्यू १२३ मालिकेतली २४० डी लाखो किलोमीटर चालते हे खरं, पण वजन १,४०० किलोच्या आसपास आहे आणि शंभर किलोमीटरला साधारण ९ लिटर जातात. टिकाऊपणासाठी घ्या, बचतीसाठी नको. आणि कुठलंही जुनं डिझेल घेण्याआधी आपल्या शहरात त्याला प्रवेश आहे का, ते विचारा.

गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला सांगून ठेवा की इंजीन थंड असू द्या. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड होईपर्यंत पत्रा बघा, तसाही आधी पत्राच बघायचा असतो. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवर, चाकांच्या कमानीवर, दाराच्या खालच्या कडेवर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. चटई उचला, स्टेपनीचा खड्डा बघा, जॅक लावायच्या जागा आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला धरतं त्या जागा बघा. बाहेरचा फेंडर बोल्टने निघतो, त्याचा गंज किरकोळ. मात्र सस्पेन्शनच्या मुळाशी गंज असेल तर सौदा तिथेच थांबवा. चेसिस नंबर कागदाशी जुळतो का हे याच वेळी बघून टाका.

मग इंजीन चालू करा. चालू होताच निळा धूर येऊन थांबला, किंवा उतारावर एक्सलेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर आला, तर व्हॉल्व्हचे गाइड किंवा सील झिजलेत. दाबून धरल्यावर सतत निळा, तर पिस्टनच्या रिंगा. पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. शक्य असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या: इंजीन गरम, सगळे प्लग बाहेर, एक्सलेटर पूर्ण दाबलेला, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. जुन्या पेट्रोल इंजिनाला ८ ते १० बार ठीक, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी नवीकोरी असली तरी दहा वर्षांचा टायर काढून टाका.

समजा, गाडी घेतली आणि ती लिटरला पंधराऐवजी अकरा देते. लोक लगेच कार्बोरेटर बदलायला निघतात. थांबा, कारण बहुधा दुसरीकडे असतं. एक-एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. जे सुटं फिरत नाही तिथे ब्रेक चिकटलाय. चोकची वायर पूर्ण मागे जाते का, ते कार्बोरेटरवर डोळ्यांनी बघा. डॅशबोर्डवरची घुंडी आत गेली म्हणजे चोक बंद झाला असं नसतं. मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजीन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप. इंजीन तापू नये म्हणून तो काढून टाकण्याची सवय जुन्या मेकॅनिकांना असते. इंजीन मग ८० अंशांपर्यंत पोहोचतच नाही, पेट्रोल नीट वाफ होत नाही, गाडी पीत राहते आणि सिलिंडरही लवकर झिजतात. तापत असेल तर रेडिएटर साफ करा, थर्मोस्टॅट जागेवर ठेवा.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवरची व्हॅक्यूमची डबी. अर्ध्या एक्सलेटरवर गाडी संथ चालवताना स्पार्क थोडा आधी पडावा, हे तिचं काम. आतला पडदा फाटला की गाडी चालते, पिकअपही देते, फक्त जास्त पिते, म्हणून कुणाला कळत नाही. कार्बोरेटरकडची नळी काढा, तोंडाने हवा ओढा आणि टोकाला जीभ लावा. ओढ टिकली तर पडदा शाबूत. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलंच आहे तर पॉइंटची फट बघा. लुकासच्या जुन्या डिस्ट्रिब्युटरला ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागते. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फट मायनरच्या इंजिनाला ०.३० मिलिमीटर, बीटलला थंड इंजिनावर ०.१५.

एवढं झाल्यावर मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण. पेट्रोल जास्त तर ते जाड, कमी तर पातळ. मायनरसारखा एसयू कार्बोरेटर असेल तर गरम इंजीन आयडलिंगवर ठेवून त्याचा पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचला. आवाज वाढून तसाच राहिला तर मिक्श्चर जाड, पडला तर पातळ, क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. प्लग काढून बघितला तर बदामी रंग हवा; काजळी म्हणजे जाड, पांढराफटक म्हणजे पातळ.

आजच्या पेट्रोलबद्दल थोडं. दहा टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमधली ऊर्जा तीन-साडेतीन टक्क्यांनी कमी असते, तेवढं अ‍ॅव्हरेज जाणारच. इथेनॉलमुळे मिक्श्चरही थोडं पातळ होतं, सेटिंग त्या हिशोबाने करा. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही, नळ्या इथेनॉलला चालणाऱ्याच घ्या. शिसं नसलेल्या पेट्रोलने बिडाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट हळूहळू खचतात. टॅपेटची फट वारंवार कमी होताना दिसली की ती त्याची खूण. पुढे कधी हेड उतरेल तेव्हा कडक सीट बसवून घ्या, तेवढ्यासाठी मुद्दाम उतरवू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये सीट मुळातच वेगळी बसवलेली असते.

वेगाचंही गणित आहे. ९० वरून ११० वर गेलात की हवेचा विरोध जवळजवळ दीडपट होतो. चार गिअरच्या जुन्या गाडीचं इंजीन तिथे किंचाळत असतं. तीन गिअरचं जुनं ऑटोमॅटिक तर टाळाच. त्याच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घसरून बरीच शक्ती नुसती उष्णता होते.

अ‍ॅव्हरेज मोजताना टाकी गळ्यापर्यंत भरा, किमान ३०० किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरा. मीटरवर विसंबू नका. टायरचा साइझ बदललेला असला तर किलोमीटर खोटे पडतात, मोबाइलच्या नकाशाशी एकदा ताडून घ्या. अशा तीन टाक्या झाल्या आणि आकडा एका जागी आला, की मग कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावा, आणि एका वेळी एकच स्क्रू फिरवा.