कॉर्ड दिसतायत, मग ट्यूब का जात नाहीये?

पेशंटच्या श्वासनलिकेत श्वासाची ट्यूब टाकताना वापरायच्या व्हिडिओ लॅरिंगोस्कोपच्या, म्हणजे घसा दाखवणाऱ्या कॅमेरावाल्या यंत्राच्या, स्क्रीनवर हे वरून लोंबतंय ते एपिग्लॉटिस, म्हणजे श्वासनलिकेवरची झाकणी, आणि त्याच्या खाली उलट्या व्ही सारख्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसतायत ना, त्या व्होकल कॉर्ड, म्हणजे स्वरतंतू. ट्यूब त्यांच्या मधूनच गेली पाहिजे.

साध्या, बिनकॅमेऱ्याच्या लॅरिंगोस्कोपचं मॅकिन्टॉश ब्लेड 1943 पासून वापरात आहे. त्यात डॉक्टरला तोंडातून कॉर्डपर्यंत सरळ रेषेत बघावं लागतं, आणि मान वळत नाही, जबडा मागे, अशा पेशंटमध्ये ती रेष काही केल्या जमत नाही, नवीन रेसिडेंट मग नुसता जोर लावत राहतो. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपमध्ये कॅमेराच ब्लेडच्या टोकाजवळ असतो.

आता टेबलावरचे तीन बघा. ग्लाइडस्कोपचं हे ब्लेड जास्त वाकवलेलं आहे, त्यामुळे कॉर्ड मस्त दिसतात, पण ज्युनियरची खरी फजिती इथेच होते, कारण दिसतंय सगळं आणि ट्यूब वळणावर अडते. हा हात नीट बघा. स्टायलेट, म्हणजे ट्यूबच्या आतली कडक तार, ब्लेडच्याच वळणाची वाकवलीये, ट्यूब आत सरकवताना नजर आधी तोंडात, स्क्रीनवर नंतर, नाहीतर टाळूला जखम होते. टोक कॉर्डमध्ये शिरलं की स्टायलेट थोडी मागे ओढायची, मगच ट्यूब पुढे, नाहीतर ती श्वासनलिकेच्या पुढच्या भिंतीला टेकून बसते. आणि कॉर्ड अगदी जवळून बघायचा मोह टाळायचा, ब्लेड जरा मागे घेतलं की ट्यूबला जागा मिळते.

किंग व्हिजनच्या या ब्लेडला चॅनल, म्हणजे खोबण आहे, ट्यूब त्यातूनच सरकते, नवख्या हाताला सोपं. पण ब्लेड जाड. विदर्भात खर्रा (सुपारी-तंबाखू) खाऊन तोंड आखडलेले पेशंट येतात, तिथे हे आत शिरतच नाही, अशांना जागं ठेवून नाकातून फायबरऑप्टिकनं, म्हणजे लवचिक दुर्बिणीनं, ट्यूब टाकायची तयारी लागते.

तिसरा सी-मॅक, मॅकिन्टॉशच्याच आकाराचं ब्लेड लावलेला. ज्युनियरनं शिकायला सुरुवात यावरच करावी असं आम्हाला ठामपणे वाटतं. हाताची सवय तीच राहते, कॅमेऱ्यावर रक्त आलं तर थेट तोंडात बघून काम होतं, आणि मागे उभ्या असलेल्या सीनियर मॅडमना तेच चित्र दिसत असल्यामुळे त्या लगेच सांगू शकतात, "अजून थोडं उचल, हां, आता टाक."

अमेरिकेत 17 इमर्जन्सी विभाग आणि आयसीयूंमध्ये 1,417 पेशंटवर झालेला 'डिव्हाइस' नावाचा ट्रायल 2023 मध्ये प्रसिद्ध झाला, ट्यूब टाकणारे बहुतेक रेसिडेंट आणि फेलोच होते. पहिल्याच प्रयत्नात यश, व्हिडिओनं 85.1 टक्के, साध्यानं 70.8. पहिला प्रयत्न फसला की सूज, रक्त, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) पडणं, कधी हार्ट थांबणं.

म्हणून हे यंत्र ओटीच्या कपाटात कुलपात नको, कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीवर चार्ज करून ठेवलेलं पाहिजे, शेजारी स्टायलेट आणि बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक काडी), आणि नाइट ड्यूटीच्या ज्युनियरनं त्याआधी मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, ते हाताळलेलं पाहिजे.