मुलगा येईपर्यंत थांबू नका

हृदयविकाराचा झटका आला की छातीत कळ येते, माणूस घामाघूम होतो आणि सगळं घर धावतं. पक्षाघातात बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. हातातली बशी कलते, चहा ओठाच्या एका कोपऱ्यातून ओघळतो, जीभ जड होते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "रात्री झोप नाही झाली तुमची, पडा जरा." आज माझं भांडण आहे ते या 'पडा जरा'शी.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीनं बंद पडली, तर उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. ही गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर मिळेल तितका गुण जास्त. मोठी गुठळी जांघेतून तार घालून काढता येते, काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतसुद्धा. पण ते कुणाला लागू पडेल हे तपासणीनंतरच कळतं. त्या २४ तासांच्या भरवशावर कुणी घरी बसू नये.

हे तास रस्त्यापेक्षा घरातच जास्त वाया जातात. मुलगा पुण्याहून निघालाय, तो आला की ठरवू. फॅमिली डॉक्टर पाचला दवाखाना उघडतील, एक सलाईन लावून बघू. इथं बसलेल्या मावशींना, वहिनींना मी मुद्दाम सांगतो: त्या वेळी घरात तुम्ही एकट्या असाल, तर निर्णय तुमचा. १०८ ला फोन करा, मुलाला नंतर कळवा. ही सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, आणि मोफत आहे.

आणि रुग्णाला विचारत बसू नका. मेंदूची उजवी बाजू बिघडली की डावा हात लुळा पडतो, पण पुष्कळदा तो लुळा पडलाय हेच त्या माणसाला जाणवत नाही. आपल्या शरीराची खबर ठेवणारा भागच जखमी झालेला असतो. हात लोंबत असतो आणि आजोबा ठामपणे सांगतात, "मला काही झालेलं नाही, उगाच गडबड करू नका." घरातले त्यांचा शब्द मोडत नाहीत. एरवी नका मोडू, त्या दिवशी मोडा. त्यांना हसायला सांगा, दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक साधं वाक्य म्हणायला सांगा. तोंड वाकडं झालं, एक हात खाली आला किंवा शब्द अडखळले, यातलं एक जरी दिसलं तरी निघायचं. अचानक तोल गेला, दिसेनासं झालं, तरीही निघायचं.

तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. गिळण्याची ताकद गेली असेल तर ते फुप्फुसात उतरतं. ॲस्पिरिन देऊ नका. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय मलाही सांगता येत नाही, आणि रक्तस्रावात तीच गोळी घात करते. बीपी उतरवायची गोळी जिभेखाली ठेवू नका. वारं गेलं म्हणून तेल चोळणं, कबुतराचं रक्त लावणं यात ज्यांचे तास गेले, त्यांचे पुढचे हाल मी पाहिले आहेत. फार वाईट वाटतं.

आजच घरी गेल्यावर एक चौकशी करा: आपल्या जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्रीही सीटी स्कॅन होतं आणि हे इंजेक्शन मिळतं? ते नाव फोनशेजारी लिहून ठेवा. निघताना, माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता ती वेळ लक्षात घ्या. सकाळी उठतानाच हात जड असेल, तर रात्री झोपायला गेल्याची वेळ सांगा. आमचा पहिला प्रश्न तोच असतो.

आणि कधी कधी दहा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. हात उचलतो, बोलणं सुधारतं, घरात हायसं वाटतं. तरीही निघायचं, ताबडतोब. खरा झटका येण्याचा धोका त्यानंतरच्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो.