दयेच्या अर्जाची फाइल

(दृश्य: येरवड्याचा दरवाजा, पहाट)

महाराष्ट्रात फाशीची व्यवस्था दोनच तुरुंगांत आहे, येरवडा आणि नागपूर. सर्वोच्च न्यायालयानं फाशी कायम केली, की तुरुंग अधीक्षक कैद्याला निकाल कळवतो. तिथून ३० दिवसांत दयेचा अर्ज करायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, त्याचं कलम ४७२ तसं सांगतं. आधी अर्ज राज्यपालांकडे, तिथे नकार मिळाला तर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे.

(दृश्य: फितीत बांधलेला गठ्ठा, या टेबलावरून त्या टेबलावर)

नुसता अर्ज पुरत नाही. अटक कधी झाली, कच्च्या कैदेत किती काळ गेला, घरची परिस्थिती काय, आधीचे गुन्हे आहेत का, हे सगळं सोबत जावं लागतं. काही माहिती तुरुंगात असते, काही पोलीस ठाण्यात. एक कागद मागे राहिला, की फाइल तिथेच थांबते.

राज्याचा अभिप्राय आणि कागदपत्रं मिळाल्यावर केंद्रानं ६० दिवसांत शिफारस करायची असते. राष्ट्रपतींची दया म्हणतात खरी, पण निर्णय मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं होतो. सल्ला पटला नाही, तर राष्ट्रपती एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. पुन्हा तोच सल्ला आला, तर तो बंधनकारक. निर्णय झाला की ४८ तासांत राज्याला आणि तुरुंगाला कळवायचा. राष्ट्रपतींना स्वतःला मात्र मुदत नाही. ती असायला हवी.

(दृश्य: पुणे सत्र न्यायालयाचा जिना)

पुण्यातल्या २००७ च्या खून खटल्यात राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये दोघांचे अर्ज फेटाळले. पुढे उरलं होतं फाशीचं वॉरंट, म्हणजे फाशीची तारीख ठरवणारा सत्र न्यायालयाचा आदेश. ते निघालं एप्रिल २०१९ मध्ये. जवळजवळ दोन वर्षं गेली ती पत्रव्यवहारात. दया द्यावी की नाही, हा प्रश्न तेव्हा कुणापुढेच नव्हता. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं याच विलंबावरून फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातही तसंच झालं. तिथे अर्जांवर निर्णय व्हायलाच वर्षं गेली, ते २०१४ मध्ये फेटाळले गेले, आणि त्या विलंबावरून २०२२ मध्ये फाशीची जन्मठेप झाली. मेलेल्यांच्या घरच्यांना या तारखा कुणी समजावून सांगितल्या नाहीत.

मग दयेचा हा अधिकारच काढून टाकावा, असं काहीजण म्हणतात. त्यांनी नाशिकचा खून खटला पाहावा. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही आरोपींना फाशी दिली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झालं. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. शेवटचा शब्द ज्यांचा, त्यांचीच चूक होते तेव्हा न्यायालयाबाहेर एक दार उघडं असावं लागतं.

(दृश्य: मंत्रालयाचा कॉरिडॉर, रिकामं टेबल)

पुण्याच्या खटल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ३५ वर्षांची कैद कायम केली आणि सगळ्या राज्यांना काम नेमून दिलं. गृह किंवा तुरुंग विभागात दयेच्या अर्जांसाठी वेगळा कक्ष हवा. फाशी कायम झाल्याचं कळताच सत्र न्यायालयानं प्रकरण स्वतःहून पटलावर घ्यायचं, कुठे काही प्रलंबित आहे का ते सरकारी वकिलाला विचारायचं. वॉरंटचा आदेश कैद्याच्या हाती पडल्यापासून फाशीच्या तारखेपर्यंत पूर्ण १५ दिवस सोडायचे.