मान कोणाचा, कारभार कोणाचा

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

रत्नागिरीत खाडीकडे पाहणाऱ्या टेकडीवर उतरत्या छपरांचा थिबा राजवाडा उभा आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो शाळेच्या सहलीत पाहिला असेल. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८७८ साली गादीवर आला आणि १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजी फौजेने मंडालेच्या राजवाड्यातून त्याला बाहेर काढले. राजाराणीला साध्या बैलगाडीत बसवून इरावतीच्या काठी उभ्या असलेल्या आगबोटीपर्यंत नेण्यात आले. १ जानेवारी १८८६ रोजी त्याचा देश खालसा झाला आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तो रत्नागिरीत नजरकैदेत आला. गादीवर त्याने सात वर्षे काढली. रत्नागिरीत मात्र तीस वर्षे. आज दिसतो तो वाडा १९१० साली तयार झाला आणि १९१६ च्या डिसेंबरात थिबा येथेच वारला. सरकारी परवानगीशिवाय त्याला जिल्ह्याबाहेर जाता येत नव्हते, तरी येथील लोक शेवटपर्यंत त्याला राजाच म्हणत होते.

आशिया खंडातील राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख हा आजच्या भाषणाचा विषय आहे, आणि त्याची सुरुवात थिबापासून करण्याला कारण आहे. एखाद्या देशाच्या सर्वोच्च पदावर कोण बसले आहे, हे वर्तमानपत्रात वाचायला मिळते. त्या पदावरून माणूस खाली कसा उतरतो, त्याला कोण उतरवू शकते आणि त्याच्यानंतर खुर्ची कोणाकडे जाते, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. मी अनेक वर्षे मुलांना नागरिकशास्त्र शिकवले. माझे असे मत झाले आहे की, देशाची खरी ओळख या दुसऱ्या प्रश्नातून होते.

आधी दोन पदांमधला फरक पाहू. कोकणातल्या माणसाला तो समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी बाहेर निघते, तेव्हा ती पहिल्यांदा कोणी उचलायची, नारळ कोणी द्यायचा, हे गावच्या मानकऱ्यांचे मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात. वर्गणी गोळा करणे, हिशेब ठेवणे, मांडव घालणे आणि परवानग्या काढणे ही कामे दुसरीच माणसे करतात. मान एकाकडे आणि कारभार दुसऱ्याकडे. राष्ट्रप्रमुखाकडे देशाचा मान असतो, शासनप्रमुखाकडे देशाचा कारभार असतो. काही देशांत दोन्ही एकाच व्यक्तीकडे असतात, जसे इंडोनेशियात आणि फिलिपिन्समध्ये निवडून आलेल्या अध्यक्षांकडे.

ही विभागणी युरोपातून आपल्याकडे आली, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. याच किनाऱ्यावरच्या श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट १७१३ साली शाहू छत्रपतींचे पेशवे झाले. पेशव्यांच्या मुद्रेत आधी राजाचे नाव आणि मग ‘मुख्य प्रधान’ असा स्वतःचा उल्लेख असे. पुढे सत्ता पुण्यात एकवटली, तरी नव्या पेशव्याला पदाची वस्त्रे साताऱ्याहूनच घ्यावी लागत. नेपाळात १८४६ ते १९५१ या काळात राणा घराण्याने पंतप्रधानपद वंशपरंपरेने आपल्याकडे ठेवले आणि शाह घराण्याचा राजा नुसता सिंहासनावर बसून राहिला. जपानात १८६८ पर्यंत सम्राट क्योतोमध्ये आणि खरी सत्ता शोगुनकडे, म्हणजे लष्करी प्रमुखाकडे, अशीच शेकडो वर्षांची व्यवस्था होती. मात्र या तिन्ही ठिकाणी कारभाऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार प्रजेला नव्हता. पंतप्रधान सभागृहाला जबाबदार असतो, ही कल्पना नंतरची आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची आहे.

आपल्याकडे हे नाते रोजच्या कागदावरही उमटलेले असते. महाराष्ट्र शासनाचा कोणताही निर्णय उघडून शेवटची ओळ वाचावी: ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने.’ दिल्लीत असेच आदेश राष्ट्रपतींच्या नावाने निघतात. नाव राष्ट्रपतींचे आणि निर्णय मंत्रिमंडळाचा. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे की नाही, याबद्दल राज्यघटनेचा मूळ मजकूर स्पष्ट बोलत नव्हता आणि पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी हा प्रश्न १९६० साली जाहीर भाषणात उपस्थित केला होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सल्ला बंधनकारक केला, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा राष्ट्रपतींना दिली. एकदाच परत पाठवता येते, दुसऱ्यांदा नाही. या ‘एकदा’मध्ये मला मोठे शहाणपण दिसते.

जपानच्या १९४७ च्या राज्यघटनेने सम्राटाला राष्ट्राचे प्रतीक ठरवले आणि राज्यकारभाराचा एकही अधिकार त्याच्याकडे ठेवला नाही. अधिकार नसलेल्या या पदावरून निवृत्त होण्याची सोयही कायद्यात नव्हती. वृद्ध सम्राट अकिहितो यांनी २०१६ साली दूरचित्रवाणीवरून आपल्या वयाबद्दल आणि थकत चाललेल्या शरीराबद्दल जनतेला सांगितले. निवृत्तीची मागणी उघडपणे केली असती, तर ती राजकारणात ढवळाढवळ ठरली असती, म्हणून त्यांनी ती शब्दांत केली नाही. पुढच्या वर्षी संसदेने केवळ त्यांच्यापुरता वेगळा कायदा केला आणि ३० एप्रिल २०१९ रोजी ते पायउतार झाले. जपानी सम्राटाने हयातीत गादी सोडण्याचा प्रसंग सुमारे दोनशे वर्षांनी आला होता.

मलेशियाची रीत याहून निराळी. तेथे नऊ वंशपरंपरागत राज्यकर्ते आहेत आणि ते आपल्यातूनच पाच वर्षांसाठी एकाला देशाचा राजा निवडतात. १९५७ साली स्वातंत्र्य मिळाल्यापासून हा मान आळीपाळीने फिरत आला आहे, गावातला मान घरोघर फिरावा तसा. एरवी हे पद समारंभाचे मानले जाते. परंतु २०२२ च्या नोव्हेंबरात निवडणूक होऊन कोणालाच बहुमत मिळाले नाही, तेव्हा पंतप्रधान कोणाला नेमायचे, हे राजालाच ठरवावे लागले आणि त्यांनी अन्वर इब्राहिम यांना नेमले. मान आणि कारभार यांच्यामधली भिंत अशा दिवशी पातळ होते. संसदीय पद्धतीच्या कोणत्याही देशातला राष्ट्रप्रमुख निरुपयोगी आहे असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

आता आखाताकडे येऊ. दापोली, खेड, चिपळूण, राजापूर, श्रीवर्धन या भागांतल्या कितीतरी घरांचा चरितार्थ मस्कत, कुवेत, दुबईकडून येणाऱ्या पैशावर चालला आहे. त्या घरांमध्ये सुलतान आणि अमीर हे शब्द पाठ्यपुस्तकातले नसतात. इकामा, म्हणजे तेथे राहण्याचा परवाना, कधी मिळेल, नोकरी राहील की जाईल, या चिंतेबरोबर ते बोलले जातात. ओमानचे सुलतान काबूस १० जानेवारी २०२० रोजी निधन पावले, आणि १३ जानेवारीला भारत सरकारने जाहीर केलेल्या दुखवट्यामुळे आपल्या येथील सरकारी इमारतींवरचा राष्ट्रध्वजही अर्ध्यावर उतरला. त्या काळात आमच्या शेजारच्या एका आजींनी मला विचारले होते, “गुरुजी, आता पुढचा सुलतान कोण, हे ठरवतं कोण?” मुलगा मस्कतला असलेल्या आईने विचारलेला तो प्रश्न राज्यशास्त्राच्या कोणत्याही परीक्षेत शोभला असता.

त्याचे उत्तरही विलक्षण आहे. काबूस यांनी १९७० साली आपल्या वडिलांना राजवाड्यातील बंडाने दूर करून सत्ता घेतली होती आणि पुढे पन्नास वर्षे राज्य केले. त्यांना अपत्य नव्हते आणि त्यांनी वारसही जाहीर केला नव्हता. त्यांनी एका बंद लिफाफ्यात नाव लिहून ठेवले होते. कुटुंबात एकमत झाले नाही तर तो लिफाफा उघडायचा, अशी तरतूद होती. राजघराण्याच्या मंडळाने वाद न घालता लिफाफा उघडण्याचा निर्णय घेतला आणि दुसऱ्याच दिवशी हैथम बिन तारिक यांनी शपथ घेतली. पुढच्या वर्षी त्यांनी मूलभूत कायद्यात युवराजपदाची तरतूद केली. पन्नास वर्षे ज्या प्रश्नावर एक लिफाफा एवढेच उत्तर होते, त्याला लेखी नियम मिळाला.

कुवेतमध्ये २००६ साली याहून वेगळे घडले. जानेवारीत अमीर जाबेर वारले आणि युवराज साद अमीर झाले. पण ते इतके आजारी होते की त्यांना शपथ घेणेही कठीण होते. नऊ दिवसांत तेथील राष्ट्रीय सभेने मतदान करून त्यांना पदावरून दूर केले आणि सबाह अमीर झाले. आखातातल्या निवडून आलेल्या सभागृहाने सत्ताधीशाला कायद्याच्या मार्गाने बाजूला केले, ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. म्हणूनच मे २०२४ मध्ये अमीर मिशाल यांनी तीच सभा विसर्जित करून घटनेतील काही कलमे चार वर्षांपर्यंत स्थगित ठेवल्याची बातमी वाचली, तेव्हा वाईट वाटले. संयुक्त अरब अमिरातीत सात अमिरातींचे शासक अध्यक्ष निवडतात. प्रत्यक्षात अध्यक्षपद अबू धाबीकडे आणि पंतप्रधानपद दुबईकडे राहत आले आहे. सौदी अरेबियात राजेच पंतप्रधान असण्याची प्रथा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये राजे सलमान यांनी ते पद युवराजांना दिले.

पदाचे नाव तेच राहते आणि त्यातली सत्ता निघून जाते, याचे सर्वांत बोलके उदाहरण श्रीलंकेत सापडते. सिरिमावो बंदरनायके २१ जुलै १९६० रोजी पंतप्रधान झाल्या. जगात या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला. त्या वेळी राष्ट्रप्रमुखाची जागा ब्रिटिश राणीच्या वतीने गव्हर्नर जनरल सांभाळत होते आणि कारभार संपूर्णपणे पंतप्रधानांच्या हाती होता. १९७८ च्या राज्यघटनेने सारी कार्यकारी सत्ता राष्ट्राध्यक्षांकडे नेली. १९९४ मध्ये त्यांच्या कन्या चंद्रिका कुमारतुंगा राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि त्यांनी आईला पंतप्रधान नेमले. व्यक्ती तीच, पदाची पाटी तीच, परंतु या वेळी आईच्या हातात फारसे काही नव्हते. सत्ता लेकीकडे होती. ऑगस्ट २००० मध्ये सिरिमावोंनी पद सोडले आणि ऑक्टोबरमध्ये, मतदानाच्या दिवशीच, त्यांचे निधन झाले. परदेशातल्या कोणाला ‘पंतप्रधान’ म्हटलेले ऐकले की मला या मायलेकींची आठवण होते आणि त्या देशाची घटना काय म्हणते, ते मी आधी पाहतो.

लेबनॉनमध्ये अध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि सभापती शिया असावा, असा १९४३ पासूनचा अलिखित करार आहे. भांडण होऊ नये म्हणून केलेल्या या वाटणीमुळे एकमत होईपर्यंत खुर्ची रिकामी राहते. ऑक्टोबर २०२२ पासून जानेवारी २०२५ पर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ, त्या देशाला राष्ट्राध्यक्षच नव्हता.

माझ्या मनाला सर्वांत भावते ती भूतानची गोष्ट. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी कोणी मागितलेली नसताना लोकशाही देऊ केली. राजा चांगला असला तरी सगळा देश एका माणसाच्या भरवशावर ठेवू नये, असे ते गावोगावच्या लोकांना सांगत होते आणि लोक त्यांना गादी सोडू नका म्हणत होते. २००६ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी गादी मुलाकडे सोपवली. २००८ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय सभेची पहिली निवडणूक झाली. त्याच वर्षी लागू झालेल्या राज्यघटनेत राजाने पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हावे, असे लिहिले आहे. संसदेने मोठ्या बहुमताने ठरवले आणि जनतेने सार्वमताने मान्य केले, तर राजाला दूर करण्याची वाटही त्यात आहे. शेजारच्या नेपाळात त्याच २००८ च्या मे महिन्यात राजेशाही संपली आणि जूनमध्ये राजा ज्ञानेंद्र यांनी नारायणहिटी राजवाडा सोडला; आज तेथे संग्रहालय आहे. दोन शेजारी देश, एकच वर्ष. एका ठिकाणी राजाने स्वतः दार उघडले, दुसऱ्या ठिकाणी ते त्याच्यामागे बंद झाले.

आता पुन्हा थिबाच्या देशाकडे. म्यानमारच्या २००८ च्या राज्यघटनेनुसार ज्यांची मुले परदेशी नागरिक आहेत, त्यांना राष्ट्राध्यक्ष होता येत नाही. त्यामुळे पक्षाने मोठा विजय मिळवूनही आँग सान सू ची यांना ते पद घेता आले नाही आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये त्यांच्यासाठी ‘राज्य सल्लागार’ हे नवे पद निर्माण करावे लागले. मान दुसऱ्याकडे ठेवून कारभार आपल्याकडे घेण्याचा तो मार्ग पाच वर्षेही टिकला नाही. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता घेतली आणि त्यांना अटक केली. मंडालेत राजाला खाली उतरवायला परकी बंदुका आल्या होत्या. या वेळच्या बंदुका घरच्याच होत्या.

त्याआधी, २०१२ साली, दोन भेटी झाल्या. मे महिन्यात भारताचे पंतप्रधान मनमोहन सिंग म्यानमारच्या दौऱ्यावर असताना यांगूनमध्ये बहादुरशहा जफर यांच्या कबरीवर गेले. दिल्लीच्या त्या अखेरच्या बादशहाला इंग्रजांनी तेथे नेऊन ठेवले होते आणि १८६२ साली तो तेथेच वारला. डिसेंबरमध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत आले आणि थिबाच्या समाधीपुढे उभे राहिले. एका देशाचा शासनप्रमुख आणि दुसऱ्या देशाचा राष्ट्रप्रमुख, दोघेही आपापल्या शेवटच्या राजाला परक्या भूमीवर भेटून गेले. थेन सेन यांनी २०१६ च्या मार्चमध्ये मुदत संपल्यावर निवडून आलेल्या उत्तराधिकाऱ्याकडे पद सोपवले. थिबाची समाधी अजून आपल्याच गावात आहे.

नमस्कार.