ओळ तुटली की वाक्य बदला

मला इथे बोलवताना आयोजकांनी विचारलं, ओळख करून देताना काय सांगू, लेखक की डिझायनर? मी म्हटलं दोन्ही सांगा, बिल मी एकच लावतो.

तर ब्रोशर, जाहिरातीच्या कामात नेहमीची पद्धत काय, आधी मजकूर फायनल होणार मग तो डिझायनरकडे जाणार, आणि तो येईपर्यंत डिझायनर लोरेम इप्सम नावाचा भरतीचा मजकूर टाकून लेआउट करून मोकळा. हे लोरेम इप्सम म्हणजे रोमन लेखक सिसेरोच्या इ.स.पू. 45 मधल्या लॅटिन लिखाणाची मोडतोड, त्याला धड अर्थ नाही म्हणून तर ते कुठल्याही चौकटीत गुपचूप बसतं. खरा मजकूर असा बसत नाही ना!

म्हणून मी ब्रोशर लिहायच्या आधी कागदाला घड्या घालतो. खरंच. ए-फोर घ्यायचा, दोन घड्या, पुढून-मागून सहा पॅनल, आणि पेन्सिलीने एका पॅनलवर एकच मुद्दा. सातवा मुद्दा आला की तो ब्रोशरमध्ये नाही, विषय संपला.

मागे एका दातांच्या दवाखान्याचं काम होतं. हेडलाइन लिहिली, 'तुमच्या दातांची काळजी आता आम्ही अधिक आपुलकीने घेऊ'. पानावर टाकली तर 'घेऊ' एकटाच तिसऱ्या ओळीत लोंबतोय. नुसता डिझायनर असतो तर फॉन्ट लहान केला असता, नुसता लेखक असतो तर मला ते दिसलंच नसतं. बघत बसलो तेव्हा कळलं की 'आता' आणि 'अधिक' फुकटच बसलेत, मग अख्खं वाक्यच काढलं आणि लिहिलं, 'दुखायच्या आधी या'. क्लायंटला आवडलं, पण लगेच म्हणाले, एवढी जागा मोकळी का सोडली?

अशा वेळी मी फोक्सवागनची 1959 ची 'थिंक स्मॉल' जाहिरात दाखवतो. पानभर रिकामी जागा आणि वर एवढुशी गाडी. हेल्मट क्रोनचं डिझाइन, ज्युलियन केनिगचे शब्द, आणि त्यांच्या जाहिरात एजन्सीत तिचा एक संस्थापक बिल बर्नबाख लेखक-डिझायनरला जोडीनेच कामाला बसवायचा. ती रिकामी जागा काढा, त्या दोन शब्दांत काही उरत नाही.

देवनागरीत तर आणखी गंमत. अक्षरांमधलं अंतर वाढवायला जाल तर शिरोरेघ तुटते, आणि ओळी जवळ आणल्या तर वरचा उकार खालच्या रफारावर आपटतो. एकदा वर 'कुटुंब' होतं आणि बरोब्बर त्याच्याखाली 'सर्वांगीण'. मी 'सर्वांगीण'च उडवला, तसाही तो शब्द काय कामाचा होता सांगा!

आणि क्लायंटला कच्चा मजकूर वर्ड फाइलमध्ये पाठवू नका हो. तिथे कागद संपतच नाही, मग प्रत्येक जण आपलं एकेक वाक्य घुसवतो. लेआउटमध्ये दाखवलं की त्यांनाच दिसतं दाटी झालीय, आणि स्वतःच कापतात.

पण दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर असल्या की आपली चूक पकडायला कोणी नसतं. मी तीन दिवस ज्या शीर्षकाकडे नुसता आकार म्हणून बघत होतो, त्यात 'दवाखना' छापून आलं, पुन्हा छपाई माझ्या खिशातून. तेव्हापासून फायनल फाइल सोडायच्या आधी, ज्याने ते काम कधी पाहिलेलंच नाही अशा कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावतो, आणि काहीतरी निघतंच.