बांधावरचा विचारवंत

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणात, गोव्यात ज्यांचं बालपण खाडीकाठी गेलं, त्यांना खाजण शेती समजावून सांगायला नको. खाऱ्या पाण्याला बांध घालायचा, पावसानं जमिनीतलं मीठ धुऊन निघेपर्यंत थांबायचं आणि मग भात लावायचा. एखाद्या उधाणात बांध फुटला की केलेल्या कष्टांची माती.

पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ या चिमुकल्या देशात बालांता लोक अशीच शेती करतात. लांबलचक दांड्याच्या आणि टोकाला लोखंडी पट्टी ठोकलेल्या लाकडी फावड्यानं ते चिखल उलथतात. तेव्हा तो देश पोर्तुगालची वसाहत होता. 1952 साली तिथे एक तरुण कृषितज्ज्ञ सरकारी नोकरीवर आला. त्याचं नाव अमिल्कार काब्राल. जन्म गिनी-बिसाऊतला, आईवडील केप व्हर्द बेटांवरचे, शिक्षण लिस्बनचं. केप व्हर्दमध्ये 1940 च्या दशकात दुष्काळानं हजारो माणसं मेली, ते त्यांनी शाळकरी वयात पाहिलं होतं.

1953 मध्ये वसाहतीच्या शेतीची गणना करायचं काम काब्राल यांच्याकडे आलं. पोर्तुगीज सरकारला हवे होते आकडे. काब्राल मात्र गावोगाव हिंडताना वेगळंच टिपत होते: भुईमूग कोण पेरतो, त्याचा भाव कोण ठरवतो, कुठल्या गावात मुखिया आहे आणि कुठे नाही. तिथल्या फुला नावाच्या समाजात मुखियांची उतरंड होती आणि त्या मुखियांचं पोर्तुगीजांशी जमत होतं. बालांतांमध्ये मुखियाच नव्हता. पोर्तुगीजांनी बाहेरचे मुखिये त्यांच्यावर लादले, तो राग खदखदत होता. पुढे लढा उभा राहिला तेव्हा बालांता शेतकरी सगळ्यात आधी का आले, याचं उत्तर काब्राल यांना कुठल्या ग्रंथात शोधावं लागलं नाही. मला तर वाटतं, सरकारनं स्वतःच्या खर्चानं आपल्या शत्रूला देश दाखवला!

1956 साली त्यांनी साथीदारांसह स्वातंत्र्यासाठी लढणारा पक्ष स्थापन केला. 3 ऑगस्ट 1959 ला बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर पगारवाढ मागणाऱ्या गोदी कामगारांवर गोळीबार झाला, सुमारे पन्नास जण मेले. शहरात निदर्शनं करून भागणार नाही हे तिथेच कळून चुकलं. पक्ष खेड्यांकडे वळला आणि 1963 च्या जानेवारीत सशस्त्र लढा सुरू झाला.

या लढ्यात आपल्या गोव्याचाही एक धागा आहे. एप्रिल 1961 मध्ये पोर्तुगीज वसाहतींमधल्या चळवळी मोरोक्कोतल्या कासाब्लांकाला एकत्र आल्या. त्यात अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ यांच्या जोडीला गोव्याचेही लोक होते. बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा त्यांपैकी एक. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा सुटला. आफ्रिकेतल्या वसाहतींना मात्र आणखी तेरा-चौदा वर्षं लढावं लागलं.

काब्राल यांनी 1965 साली कार्यकर्त्यांना सूचना लिहून दिल्या. लोक कुणाच्या डोक्यातल्या कल्पनांसाठी लढत नाहीत; चार घास सुखानं खाता यावेत, पोरांचं बरं व्हावं म्हणून लढतात, हे विसरू नका. खोटं बोलू नका, चुका झाकू नका, सोपे विजय मिरवू नका. मुक्त भागात मग लोकभांडारं निघाली. शेतकऱ्यानं तांदूळ आणून द्यायचा आणि कापड न्यायचं.

आणि रेडिओ! 1967 पासून शेजारच्या गिनी या वेगळ्या देशाच्या राजधानीतून, कोनाक्रीहून, त्यांचं केंद्र पोर्तुगीज, क्रियोल ही मिश्र बोली आणि स्थानिक भाषांतून बोलू लागलं. निवेदिका आमेलिया आराउजो थेट पोर्तुगीज सैनिकांशी बोलायच्या, मेलेल्या सैनिकांची नावं वाचून दाखवायच्या. काब्राल या केंद्राला तोंडाची तोफ म्हणत. माझ्यासारख्या मायक्रोफोनपुढे बसणाऱ्याला ते ऐकून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

त्यांचा सगळ्यात अवघड विचार 1966 च्या जानेवारीत क्यूबातल्या हवानात मांडला गेला. चळवळीचं नेतृत्व शिकलेल्या, नोकरदार मध्यमवर्गाकडे जाणार, हे त्यांनी मान्य केलं. पण सत्ता आल्यावर हा वर्ग गोऱ्या साहेबाच्या खुर्चीत बसणार, नाहीतर वर्ग म्हणून स्वतःला संपवून कष्टकऱ्यांत मिसळणार, असं ते म्हणाले. त्यांनी याला आत्महत्या हाच शब्द वापरला. आपणहून असं मरायला कोण तयार होईल, याचं उत्तर मला त्यांच्या लिखाणात सापडत नाही. नैतिकतेवर सोडून ते पुढे जातात.

20 जानेवारी 1973 ला कोनाक्रीत, स्वतःच्याच पक्षातल्या माणसांनी त्यांना गोळ्या घातल्या. आठ महिन्यांनी, 24 सप्टेंबरला, मादिना दो बोए इथे स्वातंत्र्याची घोषणा झाली. पहिले राष्ट्राध्यक्ष झाले अमिल्कार यांचे सावत्र भाऊ लुईस काब्राल. 1980 मध्ये त्यांना उलथवलं ते पक्षातल्याच एका सेनानीनं.

आणि शेतीचं म्हणाल, तर भुईमुगाची जागा आता काजूनं घेतलीय. देशाची जवळजवळ सगळी निर्यात म्हणजे काजू बी. ती बी देऊन शेतकरी बाहेरून आलेला तांदूळ घेतात. न फोडलेल्या त्या बियांचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षं जहाजानं भारतात येतोय. इथल्या कारखान्यांत त्यांचे गर निघतात. दिवाळीच्या डब्यातला काजू कुठल्या खाडीकाठचा, हे त्या डब्यावर लिहिलेलं नसतं.