यकृताच्या दारात अडलेलं रक्त

[दृश्य: सकाळची वेळ, ठाणे खाडीवरचा वाशीचा पूल, गाड्यांची रांग]

वाशीचा पूल तुंबला की नवी मुंबईतली गाडी ऐरोलीच्या पुलाकडे वळते आणि मुलुंडमार्गे मुंबई गाठते. उशीर होतो, पण तोही पूलच आहे. पोटातल्या रक्ताला अशी सोय नाही. आतडी, जठर आणि प्लीहेचं रक्त पोर्टल व्हेनमधून यकृतात जातं. यकृताच्या एकूण रक्तपुरवठ्यातला सुमारे पाऊण वाटा या एका शिरेचा. ती आवळली गेली की रक्त अन्ननलिकेच्या आणि जठराच्या बारीक शिरांत घुसतं. त्या गल्लीबोळांना हा भार पेलत नाही. शिरा फुगतात, भिंती पातळ होतात, आणि एखादी फुटली की रक्ताची उलटी होते किंवा डांबरासारखी काळी शौच.

[दृश्य: सीटी स्कॅन, पडद्यावर बाण]

ही शीर स्वादुपिंडाच्या मानेमागे सुरू होते. त्यामुळे स्वादुपिंडाची गाठ, पित्तनलिकेचा कर्करोग किंवा व्हिपल शस्त्रक्रियेनंतर (स्वादुपिंडाचं डोकं काढण्याची शस्त्रक्रिया) त्याच जागी परतलेली गाठ तिला सहज विळखा घालते. अशा वेळी शिरेत स्टेंट, म्हणजे तिला उघडी धरणारी जाळीची नळी, टाकता येतो. नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, स्टेंट तर मागेच टाकला ना?" तो पित्तनलिकेतला, कावीळ उतरवण्यासाठी. शेजारचीच नळी, पण काम वेगळं.

सिरोसिसमध्ये यकृतच निबर झालेलं असतं. इथे ते बहुधा धड असतं, अडचण दारात असते. म्हणूनच शिरेतल्या स्टेंटचा उपयोग होतो. मात्र आतडीकडून रक्त येत असलं पाहिजे आणि यकृतातल्या फांद्या मोकळ्या असल्या पाहिजेत. फांद्यांतही गाठ शिरली असेल, तर स्टेंट गुठळीने बंद होतो. जलोदर, म्हणजे पोटात पाणी, असेल तर ते पाणी तपासायचं. रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातलं अल्ब्युमिन वजा केल्यावर फरक दर डेसिलिटरला १.१ ग्रॅम किंवा जास्त आला, तर दाब वाढल्याची खूण. कमी आला तर पाणी बहुधा पोटाच्या आवरणावर पसरलेल्या कर्करोगाचं. ते स्टेंटने उतरत नाही.

[दृश्य: कॅथलॅब, सोनोग्राफीचा प्रोब]

जलोदराचं पाणी आधी काढतात, नाहीतर यकृताला पाडलेलं छिद्र दाबून धरायला बाहेरून आधार मिळत नाही. मग बरगड्यांमधून, सोनोग्राफीत पाहत, २१ किंवा २२ गेजची बारीक सुई यकृतातल्या पोर्टल फांदीत जाते. बारीक वायर, तिच्यावरून शीथ, म्हणजे पोकळ नळी. आता कसोटी अरुंद जागा ओलांडण्याची. निसरडी वायर जोर लावून नाही, फिरवत फिरवत पुढे न्यायची. पलीकडे पोचल्यावर दोन्ही बाजूंचा दाब मोजतात. ५ मिलिमीटर पाऱ्याहून जास्त फरक असेल तर अडथळा खरा.

नुसता फुगा फुगवून भागत नाही. बाहेरून दाबणारी गाठ तिथेच असते, फुगा काढला की शीर पुन्हा मिटते. म्हणून नायटिनॉल या मिश्रधातूचा, आपोआप उघडणारा स्टेंट. साधारण १० ते १४ मिलिमीटर रुंद, शिरेपेक्षा एक-दोन मिलिमीटरने मोठा, दोन्ही टोकं निरोगी भागात. लांबी मोजताना कंजुषी नको, पण प्लीहेची शीर जिथे मिळते तिथे जपून. आवरण असलेला स्टेंट गाठीला आत शिरू देत नाही, मात्र प्लीहेचं रक्त अडवू शकतो. उघड्या जाळीतून रक्त येतं, आणि कालांतराने गाठही. यात सरळ उत्तर नसतं.

स्टेंट उघडल्यावर पुन्हा दाब मोजतात आणि रंगद्रव्य सोडतात. आडवाटेच्या फुगलेल्या शिरा चित्रात दिसेनाशा झाल्या, तर काम फत्ते. उरल्या तर त्यांत कॉइल, म्हणजे रक्त अडवणारी धातूची बारीक गुंडाळी, टाकतात.

बाहेर येण्याची घाई सर्वांत महागात पडते. शीथ हळूहळू मागे घेत वाटेत कॉइल, जेलफोम (विरघळणारा स्पंज) किंवा ग्लू भरायचं. त्या रात्री नाडी वाढली, उजवा खांदा दुखू लागला, तर पोटात रक्त साठतंय असं समजून तपासायचं.

[दृश्य: वॉर्ड, डॉपलर तपासणी]

नंतर बहुधा रक्त पातळ ठेवणारी औषधं. अन्ननलिकेची किंवा जठराची फुगलेली शीर नुकतीच फुटली असेल तर तोलून-मापून. स्टेंटमधला प्रवाह डॉपलर सोनोग्राफीवर बघत राहायचा. गाठ कमी होत नाही, दाब उतरतो. अन्न जातं, प्लेटलेट सुधारल्या तर थांबलेली केमो सुरू करता येते.

[दृश्य: घोडबंदर रोड, रात्र, रुग्णवाहिका]

काळी शौच झाली तर सकाळची वाट पाहायची नाही. आणि डिस्चार्जच्या कागदावर 'पोर्टल व्हेनचा स्टेंट' असे शब्द आहेत ना, हे घरी जाण्याआधीच पाहायचं. नुसतं 'स्टेंट' लिहिलं, तर रात्रपाळीचा डॉक्टर तो पित्तनलिकेतलाच समजेल.